धुतलेला कोट

शनिवार, १२ एप्रिल १९५८

पोचले एकदाची! टपालाच्या गाडीत पोत्यांवर बसून पाच तास. हाडं खिळखिळी झाली, पण बेंट पाइन रँचवर पोचले. फाटकावर अजून जुनी पाटी आहे, 'या पाहुण्यांनो, घोडा तयार आहे.' घोडा कुठला! घोडे युद्धाच्या वर्षांतच विकले म्हणे. पाटीखाली एक मेंढी उभी होती आणि माझ्याकडे असं बघत होती की जणू मीच वीस वर्षं उशिरा आलेली पाहुणी.

मालक, ऑरिन स्टॅडलर, स्वतः फाटकाशी आले होते. साठीचे, उंच, बोलायला अगदी मऊ. माझी बॅग त्यांनी हातातून घेतली. कॅस्पर शहरातल्या धुलाईखान्यात सहा वर्षं मी इस्पितळाच्या चादरी उकळल्या, पण तिथे कुणी माझी बादलीसुद्धा उचलली नव्हती. मला भरूनच आलं.

जाहिरात चर्चच्या पत्रकात होती. मेंढ्यांच्या विणीसाठी मुलगी पाहिजे, मागेपुढे कुणी नसेल तर उत्तम. मी कळवलं की माझ्या मागे कुणी नाही आणि पुढेही रांग लागलेली नाही. उलट टपाली त्यांनी माझी उंची आणि बुटाचं माप विचारलं. धुलाईखान्यातल्या पोरी हसून लोळल्या. म्हणाल्या, नेल्डा, अगं ही नोकरी आहे की स्थळ?

पूर्वी इथे शिकागोचे बँकवाले सुट्टीला यायचे. मोठी टोपी घालायची, गरीब घोड्यावर बसून ओढ्यापर्यंत जायचं, आणि परत जाऊन सांगायचं की आम्ही गुराखी झालो. त्यांच्यासाठी ओंडक्यांची बारा घरकुलं बांधली होती. आता त्यांत मेंढ्या विण्यासाठी ठेवतात, एका घरकुलात एक. खिडक्यांना पडदे अजून तसेच आहेत, फुलाफुलांचे. पाचव्या घरकुलातल्या बाईसाहेब पडद्याचा कोपरा चघळत बसल्या होत्या. हिची चैन बघून मला हेवा वाटला.

मालकांची बहीण कोरा स्वयंपाकघर सांभाळते. माझा शहरी कोट बघून ती फिस्सकन हसली आणि म्हणाली की हा इथे टिश्यू कागद आहे. मग तिने एक जाड लाल चौकड्यांचा लोकरी कोट आणून दिला. कुणाचा विचारलं तर म्हणे इथल्याच एका मुलीचा. शिवून घेतल्यासारखा बसला. वास मात्र येतो, चुलीच्या धुराचा, मलमाचा आणि कुणाच्या तरी घामाचा. माझं नाक धुलाईखान्यात तयार झालेलं, त्याला असल्या गोष्टी सोडवत नाहीत.

सोमवार, १४ एप्रिल

काम बेनातच्या हाताखाली आहे. हा समुद्रापलीकडच्या बास्क लोकांतला मेंढपाळ, वीस वर्षं याच घरी. दिवसभरात दहा शब्द बोलतो, त्यातले सहा मेंढ्यांशी.

आज एक नवीन गोष्ट पाहिली. पाचव्या घरकुलातल्या मेंढीचं कोकरू मेलेलं निघालं. ती पडदा सोडून नुसती ओरडत होती, गवताला तोंड लावेना. तिकडे एक बिनमायचं कोकरू होतंच, त्याची आई काल गेली. मी म्हटलं, मग द्या ना हे तिला, दोघांचंही भागेल. बेनात हसला. त्याने कोकरू तिच्यापुढे सोडलं. तिने एकदा हुंगलं आणि अशी टक्कर दिली की ते बिचारं भिंतीवर आपटलं.

मग त्याने मेलेल्या कोकराची कातडी सोलली. पायमोजा काढावा तशी, सबंध. चार पायांना चार भोकं. आणि ती त्या बिनमायच्या कोकराला घातली, सदऱ्यासारखी. मी एक पाऊल मागे सरले. पण मेंढीने हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि तिच्या घशातून एक आवाज आला. ओरडणं नव्हे. खोल, हळू, घरघरल्यासारखा. बेनात म्हणाला की हा आवाज मेंढी फक्त स्वतःच्या पोराशी करते. तिला पान्हा फुटला होता. कोकरू शेपूट हलवत लुचत होतं.

तो म्हणाला, आई डोळ्यांनी ओळखत नाही, नाकाने ओळखते. तीन दिवस कातडी अंगावर ठेवायची. तोवर तिचं दूध त्याच्या पोटातून फिरतं आणि त्याच्या अंगालाच तिचा वास लागतो. चौथ्या दिवशी कातडी काढली तरी चालतं, मग ते तिचंच.

मी बराच वेळ तिथे उभी राहिले. अनाथालय आणि चार परकी घरं, एवढंच माझं बालपण. कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण तसा आवाज माझ्यासाठी कुणाच्या घशातून आला नाही.

बुधवार, १६ एप्रिल

मालकीणबाईंची गाठ पडली. व्हर्जी त्यांचं नाव. चार दिवस जेवायच्या टेबलाशी त्यांची खुर्ची रिकामीच होती आणि वरच्या खोलीत कुणीतरी सारखं येरझाऱ्या घालत होतं. मी विचारलं की कोरा म्हणायची, बरं नाही त्यांना.

आज दुपारी मालकांनी मला लापशीचं ताट घेऊन वर जायला सांगितलं. कोट घालून जा म्हणाले, खोली गार आहे. खोलीत शेगडी अशी पेटली होती की दारातच मला घाम फुटला. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या, अंगात नुसती हाडं. वळल्या. माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. सरळ जवळ आल्या आणि माझ्या कॉलरमध्ये नाक खुपसलं. किती वेळ! मग माझ्या हातून त्यांनी एक चमचा लापशी खाल्ली. मग दुसरा. ताट निम्मं संपलं.

बाहेर जिन्यात कोरा एप्रनच्या टोकाने डोळे पुसत उभी होती आणि मालकांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. तेव्हा सगळं सांगितलं. त्यांची मुलगी लुएला, बावीस वर्षांची, फेब्रुवारीत न्युमोनियाने गेली. तेव्हापासून बाई घोटभर दुधापलीकडे अन्नाला शिवत नव्हत्या. कोट लुएलाचा.

मला राग आला, हे लिहायला हवं. आधी सांगायला काय झालं होतं? पण दोन महिने दुधाच्या घोटांवर जगलेली आई माझ्या हातून जेवली, तिथे राग किती टिकणार. रात्रीच्या जेवणात मला सफरचंदाच्या पायचा सगळ्यांत मोठा तुकडा मिळाला.

शुक्रवार, १८ एप्रिल

या घरात मला काहीतरी खटकतंय.

आता मला वेगळं वाढत नाहीत. बाईंच्या ताटात उरेल ते मी खायचं, त्यांच्याच कपातलं दूध प्यायचं. कोरा म्हणते, डोंगरात अन्न वाया घालवत नाहीत. मग तिच्या ताटातलं बटाट्याचं साल कोंबड्यांना कसं जातं? माझा साबण मोरीतून नाहीसा झाला. विचारलं तर म्हणे, थंडीत आंघोळीने कातडी फुटते. माझी बॅग 'जागा करायला' माळ्यावर ठेवली आणि माळ्याला कुलूप आहे.

सगळे गोड बोलतात. इतकं गोड की दातांना झिणझिण्या याव्यात.

बेनात माझ्याकडे बघायचं टाळतो. आज दूध पाजताना मात्र खाली मान घालून म्हणाला, "मंगळवारी टपालाची गाडी येते. जाऊन बैस तीत." मी हसून विचारलं, का, मी इतकं वाईट काम करते? त्याने दुधाची बाटली पुढच्या कोकराच्या तोंडाला लावली.

खरं सांगायचं तर मला जायचं नाही. दुपारी बाईंनी माझी वेणी घातली. तीन पेडांची, घट्ट. मला चोविसावं संपत आलंय आणि आजवर माझी वेणी दुसऱ्या कुणी घातलेली नाही.

रविवार, २० एप्रिल

काय करून बसले मी!

पहाटे एका अडलेल्या मेंढीला मोकळं करताना कोट रक्ताने आणि चिकाने माखला. सहा वर्षांची परटीण मी, डाग बघितला की हात आपोआप चालतात. सगळे चर्चच्या प्रार्थनेसाठी दिवाणखान्यात बसले होते. मी मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं, सोडा टाकला, कोट दोनदा घुसळला, तीनदा खळबळला आणि उन्हात दोरीवर टाकला. काय सुरेख रंग उजळला! कौतुक होईल म्हणून मी दाराशीच उभी राहिले.

कोराने दोरी बघितली आणि किंचाळली. मालक धावत आले. त्यांनी ओली कॉलर नाकाशी धरली, मग बाही, मग अस्तर. मग पायरीवर खाली बसले. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "पोरी, एवढंच उरलं होतं गं."

लुएलाचे बाकीचे कपडे कोराने ती गेली त्याच आठवड्यात उकळून चर्चला दिले होते, रीतीप्रमाणे. कोट तेवढा गोठ्यात खुंटीला राहिला म्हणून वाचला होता.

दुपारी कोट वाळवून मी ताट घेऊन वर गेले. बाई आल्या. हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग मान खाली घातली आणि कपाळाने माझ्या छातीत टक्कर दिली. मी दारावर आपटले. उठेपर्यंत दुसरी. बरगडीतून काहीतरी कट् वाजलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. मी कुणीच नव्हते तिथे.

सोमवार, २१ एप्रिल

श्वास घेताना बरगडी दुखते. बाईंनी कालपासून पाणीही घेतलेलं नाही. वरून एकसारखं ओरडणं ऐकू येतं.

मला अपराधी वाटत होतं. कोराला म्हटलं, लुएलाच्या थडग्यावर फुलं तरी ठेवून येते. ती म्हणाली, थडगं कुठलं? जमीन अजून दगडासारखी आहे, मे महिन्याआधी कुणाला पुरता येतं? मग कुठे आहे ती? बर्फघरात, लाकडाच्या भुशात, ती म्हणाली. बटाटे कुठे ठेवलेत ते सांगावं तसं. मलाही नवल वाटलं नाही. आमच्याकडेही हिवाळ्यात गेलेले चर्चच्या मागच्या खोलीत वसंताची वाट बघतात. इथलं बर्फघर पाहुण्यांच्या आइस्क्रीमसाठी बांधलं होतं, भिंती दोन हात जाड.

पण मी हे विचारलं तेव्हा मालक टेबलाशी बसले होते. त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतून बर्फघराकडे. बराच वेळ. मग न जेवताच उठून बेनातला शोधायला गेले.

मंगळवार, २२ एप्रिल

बेनात नोकरी सोडून गेला. वीस वर्षांनी!

सकाळी कुंपणाशी आला, गाठोडं पाठीला. म्हणाला, "मालकांनी एक काम सांगितलं. मी मेंढ्यांचं करतो ते. ते मी करणार नाही." कसलं काम ते सांगेना, तोंडावर हात ठेवला आणि छातीवर क्रूस काढला. वळणावर टपालाची गाडी थांबली होती. म्हणाला, जशी आहेस तशी चल, बॅग मरू दे.

मी निघाले होते. खरंच निघाले होते. पण वरून बाईंचा आवाज आला, फाटलेला, कोरडा. दोन दिवस पाणी नाही. मला वाटलं, एक घोट पाजते आणि धावत येते. त्याला म्हटलं, दोन मिनिटं थांब.

जिन्याच्या वरच्या पायरीवर होते तेव्हा मागे दार लागलं. कोरा आणि मालक दोघेही खाली उभे. गाडीचा भोंगा वाजला, एकदा, मग बराच वेळ, मग गाडी गेली.

मालक म्हणाले, तुझी बरगडी मोडली आहे, तुला विश्रांती हवी. दंडाला धरून हळूच, अगदी हळूच, मला सातव्या घरकुलात आणून सोडलं. स्वच्छ पेंढा आहे. पलंगही आहे. दार दोन फळ्यांचं, एक वर, एक खाली. कडी बाहेरून.

बुधवार, २३ एप्रिल

वही पोलक्यात होती म्हणून राहिली. कोकरांवर खुणा करायची पेन्सिल आहे.

खिडकीला लोखंडी गज. पाहुण्यांच्या केकसाठी अस्वलं यायची म्हणून बसवलेले. सकाळपासून एक हलवतेय. हलत नाही. बरगडीमुळे जोर लागत नाही. खूप ओरडले. आजूबाजूच्या मेंढ्याच ओरडून उत्तर देतात.

पडद्याच्या फटीतून दिसतं —

मालक बर्फघरात गेले. खांद्यावर मिठाचं पोतं. बेनात कातड्यांना लावायचा ते जाडं मीठ.

मागून कोरा, गरम पाण्याची किटली घेऊन.

दोन तास झाले, बाहेर आले नाहीत.

आले. मालकांच्या गुडघ्यांना भुसा. कोरा ओढ्याकडे वळून ओकली. मालकांनी तिची पाठ चोळली.

मला कळलंय. सोमवारीच कळायला हवं होतं. कोट धुऊन टाकल्यावर मला आता घालायला काय उरलं —

लिहवत नाही.

गुरुवार, २४ एप्रिल

मालक दाराशी आले होते. वरची फळी उघडून उभे राहिले. पुन्हा माझी उंची विचारली.

मी शिव्या दिल्या, पाया पडले, म्हटलं मला सोडा, मी कुणाला सांगणार नाही. ते रडत होते. म्हणाले चाळीस वर्षांचा संसार आहे, ती आता हातात उचलली तर पाखराएवढी लागते. "तिला मी मरू देणार नाही, पोरी. तुला कुणी इजा करणार नाही. तीन दिवस फक्त. चौथ्या दिवशी काढतात, तुला ठाऊक आहे." मग म्हणाले, तुलाही कुणी नाही ना. तुलाही आई मिळेल.

मला त्याचंच जास्त भय वाटतं. हे म्हणताना त्यांचा आवाज खरा होता.

दुपारी बाईंना घरकुलाच्या ओट्यावर आणलं. खांबाला बांधलंय, कमरेला घोंगडी गुंडाळून, दोरी काचू नये म्हणून. त्या ओरडताहेत. आवाज बसलाय, तरी.

गज तसाच. बोटांतून रक्त.

शुक्रवार, २५ एप्रिल

सकाळ. हिमवर्षाव.

दोघं येताहेत. मधे काहीतरी धरलंय, ओल्या चादरीत. पुढचं टोक कोराच्या हातात. ती तोंड वळवून चालतेय.

दाराच्या खालच्या फळीवर टाकलं. मी बघणार नाही —

बघितलं. केस तसेच आहेत. वेणी घातलेली. तीन पेडांची, घट्ट.

वास. देवा. धूर, मलम —

कडी काढताहेत. मालक म्हणतात, कोट काढ बाळ. उजवा हात आधी —

ओट्यावर बाईंचं ओरडणं थांबलं. एकदम. हुंगताहेत. इथे ऐकू येतंय, मोठे मोठे श्वास.

आता तो आवाज. घशातला. खोल, हळू. घरघर. तो पाचव्या —

माझ्याकडे तोंड करून. माझ्यासाठी.

मला पळायचंय. दार उघडं आहे, मला पळायचंय, पाय का नाही —

चोवीस वर्षांत कुणी मला अशी हाक मारली नाही.

ती पुन्हा हाक मारतेय. नको. नको. मी ओ दे